वहिनीची मान

आमच्या घराला दार नव्हतं हे सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडावर एकदम भक्तिभाव येतो. "म्हणजे चोरी होतच नाही का हो?" मी "नाही होत" म्हणते आणि विषय संपवते. शिंगणापूरच्या माणसाकडून लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. दार नसलेल्या घरात राहायचं म्हणजे काय, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की तिथं माणसाला आजारी पडायलासुद्धा आडोसा मिळत नाही. चौकट होती, दगडी उंबरा होता, कुत्री शिरू नयेत म्हणून झोपताना एक फळी आडवी लावायची, बस्स. बाकी सगळं सताड उघडं. रस्त्यानं जाणाऱ्याला सरळ आमची चूल दिसायची आणि दिसायला हवी म्हणून आई ती सारखी सारवत बसायची. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजल्यापासून ऊन उंबरा ओलांडून आत यायचं आणि दुपारपर्यंत आतल्या भिंतीला जाऊन टेकायचं. त्या उन्हाचा मला तेव्हा राग येत नव्हता. आता येतो.

देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. तेलाचे डबे, नारळ, उडीद, देवाला वाहायचं काळं कापड आणि रुईच्या पानांच्या माळा. दुकानात आबा आणि दादा बसत. माळा ओवायचं काम माझ्याकडं होतं. आबा पहाटे बांधावरून रुईच्या फांद्या तोडून आणत आणि मी शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर आणि शनिवारी शाळा बुडवून, पानं खुडून दोऱ्यात ओवायची. रुईचं पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो बोटांना लागला की राखेनं घासा, तेलानं पुसा, पुरता निघत नाही. माझ्या वहीची पानं एकमेकांना चिकटलेली असायची आणि वर्गात माझ्या शेजारी बसायला मुली कुरकुरायच्या. माझे हात हे असे होते. ते लक्षात असू द्या.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि वहिनी वीसची. तिचं नाव शैला. नगर शहरातली, बारावी झालेली, वडील एसटीत. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिनं आईला विचारलं, "आत्याबाई, लुगडं बदलायला कुठं जायचं?" आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. ओटीवर चार बायका बसल्या होत्या, त्या खो खो हसल्या. आई म्हणाली, "अंधार पडंस्तोर थांब. आमी काय एवडी वर्सं नागव्या फिरलो व्हय?" वहिनी हसली नाही. तिनं मान वर करून, आईच्या डोळ्यांत बघत म्हटलं, "मी खरंच विचारतेय." झालं. त्या दिवशी तिच्यावर जो शब्द बसला तो कायमचा. ताठ. "लई ताठ हाय बाई नवी नवरी." "मान बघितली का तिची? वाकतच न्हाई." पाण्याला गेली तरी ताठ, भाकरी थापायला बसली तरी ताठ. घरात मीठ कमी पडलं तरी त्याचं कारण तिची मान.

आणि मीही म्हणायची, उगाच साळसूदपणा करण्यात अर्थ नाही. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण मी नणंद, म्हणून ती मला "अहो वन्सं, तुम्ही" म्हणायची आणि मी तिला "ए वहिनी, तू". मला त्यात फार मजा वाटायची. ती मला इंग्रजीचे धडे समजावून द्यायची आणि मी आईला जाऊन सांगायची, की वहिनी दुपारी आडवी झाली होती. दोन्ही गोष्टी मी एकाच दिवशी करू शकत होते.

त्या चैत्रात शनिवारी अमावास्या आली होती. आजच्यासारखी गाड्यांची रांग तेव्हा लागत नव्हती, पण आमच्या मानानं ती जत्राच. आठ दिवस आधीपासून घरात दुसरं बोलणं नसायचं. बुधवारी वहिनीला ताप भरला. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरं टायमाला सुचलं." गुरुवारी डोकं दुखायला लागलं. दुखतंय म्हणजे किती, हे तिला सांगता येईना. ती नुसती दोन्ही हातांनी डोकं धरून बसायची. त्याच दिवशी आबांची थोरली बहीण पाथर्डीहून आली. सगळे तिला आक्का म्हणायचे आणि सगळे तिला भ्यायचे. आक्का आली की शेंगोळी होणार हे ठरलेलं. हुलग्याचं पीठ मळून त्याची वेटोळी वळायची आणि भरपूर लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायची. लसूण तडतडला आणि वहिनी उठून धावत जाऊन अंगणात ओकली. मग पुन्हा ओकली. आक्कानं आईकडं बघितलं, आईनं आक्काकडं, आणि दोघींची तोंडं उजळली. "दिवस गेले जणू!" आक्का म्हणाली. ताप, डोकेदुखी, सगळ्याचा उलगडा झाला. आईनं त्या दिवशी तिला शेंगोळीचं पातेलं घासायला लावलं नाही, माया म्हणून. एवढीच माया मी तेव्हा पाहिली.

शुक्रवारी तिला उजेड सोसेना. ऊन आत आलं की ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडं वळायची. "वन्सं, जरा काहीतरी आडवं लावा हो," ती म्हणाली. मी म्हटलं, "काय लावू? आमच्याकडं दार न्हाई." मग ती स्वतः उठली, भिंत धरत धरत गेली, दुकानासाठी आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं काळं कापड काढलं आणि चौकटीच्या दोन खुंट्यांना बांधलं. घरात अंधार झाला आणि ती जमिनीवर पडून राहिली. आई पाणी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच थिजली. दाराला आडवं कापड, आणि तेही देवाचं! तिनं हंडा खाली ठेवला नाही, आदळला. कापड ओढून काढताना एक खुंटी उपसून आली. "देवाला दार लावतीस? त्याच्या राज्यात ऱ्हाऊन त्याच्यावरच इस्वास न्हाई तुजा?" वहिनी डोळे मिटून म्हणाली, "डोळ्यात सुया टोचतात हो, आत्याबाई." आईनं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी मात्र ऐकलं होतं. मी त्याच वेळी शंभरावी माळ ओवत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, बोलणी खाल्ली.

शनिवारी सकाळपासून देवळावरचा कर्णा वाजत होता. नारळ फुटत होते, तेलाचे डबे खडखडत होते, ओल्या पंच्यानं माणसं देवाकडं पळत होती. आबा आणि दादा दुकानात. आक्का दुपारच्या गाडीनं परत निघणार होती. तिची पिशवी भरून झाली, तिला हळदकुंकू लावलं, आणि आता सुनेनं पाया पडायचं होतं. आईनं वहिनीला हाताला धरून उठवलं. ती उभी राहिली, पण कुठं उभी आहे हे तिला कळत होतं की नाही कोण जाणे. आक्का पाटावर बसलेली. वहिनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तशीच बसून राहिली. पाठ सरळ, मान सरळ, डोळे बारीक.

"वाक की गं," आई म्हणाली.

"वाकता येत नाही. मान दुखतीय."

"माज्याम्होरं बरी मान दुखती!" आक्का म्हणाली. "आमच्या पाथर्डीकडं अशी सून हिरीवर पान्याला बी न्हेत न्हाईत कुनी."

आईचं तोंड लाल झालं. नणंदेसमोर सून वाकली नाही, याहून मोठी बेअब्रू तिच्या जगात नव्हती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तिची नजर माझ्यावर आली. मी वहिनीच्या मागं माळांचा ढीग घेऊन बसले होते.

"मंदे, वाकव तिला."

मी उठले. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. मान खाली जाईना. लाकडासारखी कडक लागत होती आणि तव्यासारखी तापली होती. हे दोन्ही मला त्या क्षणी कळलं आणि तरी मी थांबले नाही, कारण मला राग आला होता. माझ्या हातानं वाकत नाही म्हणजे काय! मी दुसरा हातही लावला आणि अंगाचा भार टाकला. ती किंचाळली. तसं किंचाळणं मी नंतर बाळंतिणीच्या खोलीबाहेरही कधी ऐकलेलं नाही. मग ती एका अंगावर कोसळली आणि तिचं डोकं आक्काच्या पावलांशी येऊन पडलं. आक्कानं तोच नमस्कार धरला. "सुखी ऱ्हा," म्हणाली.

मग वहिनीचे डोळे वर गेले आणि तिचा उजवा हात आपोआप झटके देऊ लागला. "अंगात आलं गं," आक्का म्हणाली, "अमुशा हाय आज." आई अंगारा शोधायला धावली. मी दुकानाकडं पळत गेले. दादा गिऱ्हाइकाला तेल देत होता. मी सांगितलं, तर म्हणाला, "थांब जरा, येवडी गर्दी सरू दे." माझ्या भावाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. पुढं तो चांगला वागला, पण तेव्हा तो हे म्हणाला. आबा गल्ल्यावरून उठले. परत निघालेल्या भाविकांची एक जीप त्यांनी हात आडवा करून थांबवली, आतल्या माणसांना खाली उतरवलं आणि ती घरासमोर आणून उभी केली. आई बसली, मी बसले, दादा धावत येऊन मागं लटकला.

शेजारच्या सोनई गावच्या डॉक्टरांनी वहिनीला टेबलावर उताणं झोपवलं. तिच्या डोक्याखाली हात घातला आणि हनुवटी छातीला टेकते का ते बघायला डोकं हळूच वर उचललं. अगदी हळू. डोक्याबरोबर तिचे खांदेही उचलले गेले, गुडघे आपोआप पोटाशी आले आणि बेशुद्धीतही ती कण्हली. मी दारात उभी होते. दवाखान्याला दार होतं.

"मान ताठ आहे," डॉक्टर म्हणाले.

"ती पयल्यापास्नंच ताठ हाय, डाक्टर," आई म्हणाली. "आमी लई सांगितलं तिला."

डॉक्टरांनी वहिनीचं डोकं हळूच खाली ठेवलं. मग सावकाश, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "बाई, हा मेंदूज्वर आहे. मेंदूवर एक पातळ आवरण असतं. त्याला सूज आली की मान अशी आखडते. माणसाला ती वाकवताच येत नाही. दुसऱ्यानं वाकवली तर असह्य दुखतं. ताप कधीपासून आहे?"

"काल सांजच्यापास्नं," आई म्हणाली.

ती इतक्या सहज म्हणाली, की मला क्षणभर खरंच वाटलं. दादा जमिनीकडं बघत होता. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायला लागले. मी म्हटलं, "बुधवारपास्नं." आईनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, की पुढं वर्षभर मी तिच्या हाताच्या अंतरात बसले नाही. पण मी म्हटलं. "बुधवारी ताप, गुरवारी वकली, काल उजेड सोसत नव्हता." डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं, एक इंजेक्शन तिथंच दिलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता नगरला न्या." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हिला कुणी वाकवलं-बिकवलं नाही ना?"

आई माझ्याकडं बघत होती. मी काहीच बोलले नाही.

लोकांना मी नेहमी पहिला अर्धा भाग सांगत आले. मी बोलले म्हणून वहिनी वाचली, अशी माझी घरात, सासरी, पुढं शाळेत शिक्षिका झाल्यावर तिथंही कीर्ती होती. दुसरा अर्धा भाग मी गिळला.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या पाठीतून पाणी काढलं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळं पडतं, असं व्हरांड्यातल्या प्रत्येकानं दादाला सांगितलं. तो सही करायला पेन धरून उभा राहिला आणि रडायला लागला. सही शेवटी तिच्या वडिलांनी केली, एसटीच्या खाकी कपड्यांतच आले होते ते. तिची आई माझ्या आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाराबिगर घरात पोरगी दिली, म्हटलं सगळ्या गावाचं लक्ष राहील. तीन दिवस ती वरडत होती, तर तुमच्यातल्या एकालाबी ऐकू आलं न्हाई?" नंतर घरी आल्यावर माझी आई म्हणाली, "त्यांच्याकडंबी ताठच हायेत सगळे."

तीन आठवड्यांनी वहिनी उठून बसली. वाचली, हातपाय शाबूत, बोलणं स्वच्छ. दिवस बिवस काही गेलेले नव्हते. फक्त नर्सला ती सारखी म्हणत राहिली, "जरा मोठ्यानं बोला." नर्स मोठ्यानं बोलली, मग ओरडली. मग डॉक्टरांनी तिच्या कानामागं टाळी वाजवली आणि ती समोरच्या खिडकीकडं बघत राहिली. दोन्ही कान कायमचे गेले होते. लवकर आणलं असतं तर कदाचित, असं काहीतरी ते दादाला म्हणाले. कदाचित हा शब्द मी तेव्हापासून शाळेतल्या मुलांना निबंधात वापरू दिलेला नाही. पोरांना वाटायचं बाई व्याकरणाच्या कडक आहेत.

घरी आल्यावर वहिनी ओठ वाचायला शिकली. ओठ वाचायचे तर माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघावं लागतं. सासऱ्याच्या, सासूच्या, न विचारता घरात घुसणाऱ्या कुणाच्याही. म्हणजे पुन्हा तेच. "कान गेले तरी नजर खाली न्हाई. ताठ ती ताठच." आणि एक नवी खोड तिला लागली होती. ती भिंतीला पाठ लावून, उघड्या चौकटीकडं तोंड करूनच बसायची. धान्य निवडायला, भाजी चिरायला, जेवायला, कशालाही. मागून कुणी आलं तर तिला कळणार नाही म्हणून, असं आम्ही धरून चाललो. एकदा तिनं दादाकडं दार मागितलं. आईनं तेही हाणून पाडलं. पुढं दादाला नगरच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि ती दोघं तिकडं गेली. तिथं खोली घेतल्यावर वहिनीनं पहिल्या दिवशी दाराला आतून दोन कड्या बसवून घेतल्या, एक वर आणि एक खाली.

आता दादा नाही. आई, आबा, आक्का, सगळी गेली. आईनं शेवटपर्यंत एकदाही म्हटलं नाही, की आपलं चुकलं. मी वाट बघत होते. तिच्या शेवटच्या आजारात तिची मान उशीवर नीट ठेवताना माझ्या मनात जे आलं, ते मी इथं लिहिणार नाही. जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. वहिनी अजून नगरच म्हणते, मीही म्हणते. ती मुलाकडं फ्लॅटमध्ये राहते. बेल दाबली की आत दिवा उघडझाप करतो, मग वरची कडी निघते, मग खालची.

गेल्या महिन्यात माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते तिला वाचायला नेलं. तिची परवानगी घ्यावी असं मला वाटलं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. ती भिंतीला पाठ लावून बसली, चष्मा लावला आणि वाचू लागली. दाराविषयीची पानं तिनं भराभर उलटली. डॉक्टरांपाशी आईचं बोलणं आलं तिथं ती एकदम मोठ्यानं हसली. ते तिला माहीतच नव्हतं, तेव्हा ती शुद्धीत नव्हती. मग ती पुन्हा मागं गेली, आक्काच्या पाटापाशी, आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.

वर जिथं 'मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दाबला' असं आहे, तिथं आधी तसं नव्हतं. तिथं मी लिहिलं होतं, 'कुणीतरी मागून तिची मान दाबली.' वहिनीनं 'कुणीतरी' या शब्दावर रेघ मारली. एकच, सरळ.

"हात चिकट होता," ती म्हणाली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नाही, शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असेल. "दवाखान्यात माझ्या आईनं आठ दिवस तेल लावून लावून केसांतला चीक सोडवला माझ्या."

मी तिच्यासमोर तोंड नीट धरून विचारलं, "मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

"राग आहे अजून?"

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, मग डोळ्यांकडं. "आहे की," ती म्हणाली.

मग तिनं पुन्हा कागद पुढ्यात ओढला आणि खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर, सावकाश, बारावीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मंदानं'. चाळीसच्या वर वर्षं ती मला 'अहो वन्सं' म्हणत आली होती. नावानं तिनं मला हाक मारली ती ही एकदाच.